भरल्या जीपचा कोन

मिस्त्रीच्या आईला पाठीचं दुखणं आणि मावशीला गुडघ्यांचं. दोघी सख्ख्या बहिणी. एक खाली गावात, दुसरी वर डोंगरावर, आणि मध्ये गोट्यांनी भरलेला ओढा. साध्या गाडीचं पोट त्या गोट्यांवर टेकायचं आणि गाडी तिथेच बसकण मारायची. त्यामुळे कित्येक वर्षं दोघींनी एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं. फोनवर मात्र रोज यथेच्छ भांडायच्या.

मिस्त्री म्हणजे थोरली लेक. बाजाराच्या टोकाला तिचं स्वतःचं गॅरेज होतं आणि घरात तिला सगळे मिस्त्रीच म्हणायचे. आई रागावली की ‘मिस्त्रीबाई’. आईला ओढ्यापलीकडे न्यायचंच, असं तिने मनावर घेतलं आणि आपली जुनी जीप चांगली चार बोटं उंच केली. स्प्रिंगचे नवे पाटे, मोठे टायर. जीप अशी ऐटीत उभी राहिली की आईला चढायला स्टूल लागायला लागलं.

पण गाडी उचलली की तिच्या आतली सगळी नाती बिघडतात. गिअरबॉक्स वर जातो, मागच्या चाकांचा ॲक्सल खालीच राहतो आणि दोघांना जोडणारा शाफ्ट तिरका होतो. शाफ्टच्या दोन्ही टोकांना जॉइंट असतात. दोन्हीकडचा कोन सारखा असला तर एकाचा झटका दुसरा पोटात घालतो. नसला, तर गाडीने वेग घेतला रे घेतला की ती थंडी भरल्यासारखी थरथरते.

मिस्त्रीला हे पाठ होतं. तिने पाटे आणि ॲक्सल यांच्यामध्ये लोखंडी पाचरी घातल्या, ॲक्सलचं तोंड हवं तेवढं वर वळवलं आणि दोन्ही कोन जुळवले. स्टिअरिंग भरकटत होतं, तेही पुढच्या चाकांचा कल बदलून ताळ्यावर आणलं. मग एकटीने लांब चक्कर मारली. जीप इतकी गुळगुळीत चालली की ती मोठ्याने गायला लागली. तिचा आवाज चांगला नाही, पण ऐकायला कोण होतं?

मग सगळे पहिल्यांदा मावशीकडे निघाले. पुढे आई. मागे मामा, आईचा धाकटा भाऊ, निवृत्त बस ड्रायव्हर. मामा देहाने चांगला भारदस्त. त्याच्या वजनाचा विषय काढायचा नाही, असा घरात दंडकच होता. त्याच्या शेजारी मावशीने हट्टाने मागवलेलं लोखंडी शिलाई मशीन आणि घोंगड्यांनी ठासून भरलेली ट्रंक. गावाबाहेरच्या सरळ रस्त्यावर मिस्त्रीने वेग घेतला आणि जीप थरथरायला लागली. दारं, काचा, आरसा, सगळं. आईने दोन्ही हातांनी पाठ धरली. अर्ध्या वाटेतूनच परत फिरावं लागलं.

“चाकं बॅलन्स कर,” मामा म्हणाला. “जन्म गेला माझा बस चालवण्यात.”

तिने चाकं बॅलन्स केली. जॉइंट बदलले. शाफ्टही बॅलन्स करून आणला. एकटी चक्कर मारून आली, तर गाडी एकदम शहाण्यासारखी. दुसऱ्यांदा सगळ्यांना घेऊन निघाली, तर पुन्हा तेच! मिस्त्रीच्या नाकी नऊ आले. गावभरच्या गाड्या तिच्या हाताखालून सरळ होऊन जायच्या आणि आईला न्यायची गाडीच तेवढी तिचं ऐकत नव्हती.

आईचा चेहरा उतरला होता. “पुरे झालं,” ती म्हणाली. “आता मला पुन्हा चल म्हणू नकोस. फोनवर भेटते ताई, तेवढी पुरे आहे.”

आई ओरडली असती तर चाललं असतं. पण ती हे अगदी हळू म्हणाली आणि बाहेर बघत बसली.

परतताना मामाचं घर आधी लागलं. तो उतरला. मशीन आणि ट्रंकही त्याने आपल्याच ओट्यावर उतरवून घेतली. पुढचा रस्ता मिस्त्री विचारांच्या तंद्रीत चालवत राहिली आणि नकळत तिचा पाय ॲक्सिलरेटरवर दाबला गेला.

“अगं, थांबली की थरथर!” आई म्हणाली. “तुझ्या मामालाच भिते वाटतं ही.”

मिस्त्रीने कचकन ब्रेक मारला. मागच्या टेंपोवाल्याने तिचा मनसोक्त उद्धार केला, पण तिला ऐकूच आलं नाही. तिने कपाळावर हात मारून घेतला. कोन तिने रिकाम्या गाडीत मोजले होते! मागे वजन पडलं की पाटे दबतात, दबले की ॲक्सलचं तोंड फिरतं आणि जुळवलेलं सगळं मुसळ केरात. गाडी आईसाठी उचलली खरी, पण जुळवली होती एकटीच्या चकरेसाठी. ज्यांना घेऊन जायचं ती माणसं हिशेबात धरलीच नव्हती.

“आई, तुला वर नेत नाही,” दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली. “नुसतं गॅरेजमध्ये येऊन जीपमध्ये बस. गाडी जागची हलणार नाही. शप्पथ.”

आई कुरकुरत आली. मामा मशीन आणि ट्रंकेसकट आला. सगळे आपापल्या जागी बसले आणि मिस्त्री कोन मोजायचं गेज घेऊन खालच्या खड्ड्यात उतरली.

“आता कुणी हलायचं नाही.”

“श्वास घ्यायचा की नाही?” वरून मामाचा आवाज.

“हळूच घ्या.”

“माझ्या वजनाचा आणि शाफ्टचा संबंध काय, ते तरी कळू दे.”

“वजनाचं कोण काय बोललं?” आई म्हणाली. “मशीन जड आहे रे ते.” आणि स्वतःच खुदकन हसली. मग मामाला हसू आलं. मामा हसला की सगळा हसतो, पोटापासून. गेजचा काटा नाचायला लागला.

“हसू नका! काटा हलतोय!” मिस्त्री खड्ड्यातून ओरडली आणि तिलाही हसू आवरेना. एरवी हातासरशी झालं असतं ते माप घ्यायला त्या दिवशी अर्धी सकाळ गेली.

मग सगळ्यांना उतरवून तिने जुन्या पाचरी काढल्या, जरा जाड घातल्या, बोल्ट आवळले. पुन्हा सगळ्यांना चढवलं, पुन्हा मोजलं. दोन्ही कोन सारखे. ती वर आली, हात पुसले आणि आईकडे बघत नुसतीच उभी राहिली.

“बघतेस काय?” आई म्हणाली. “बसलेच आहे, तर चालव.”

सरळ रस्ता आला. मिस्त्रीने वेग घेतला. स्टिअरिंग गच्च धरून ती वाट बघत होती. आता सुरू होईल, मग होईल. काही नाही. काचा गप्प, आरसा गप्प, मामासुद्धा गप्प. तिने विजयाने आईकडे पाहिलं, तर आई गाढ झोपलेली! मिस्त्रीला इतका आनंद झाला की डोळ्यांपुढचा रस्ता क्षणभर धूसर दिसला.

ओढ्याचे गोटे जीपने आरामात पोटाखालून जाऊ दिले. वर मावशी दारात खुर्ची टाकून बसली होती. आई स्टुलाची वाट न बघता उतरली.

“किती म्हातारी झालीस गं!” मावशी म्हणाली.

“तुझ्याकडे आरसा नाही वाटतं?”

मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या, हसल्या, परत रडल्या. “हिने आणलं मला,” आई मावशीला सांगत होती. “माझ्या मिस्त्रीने.” मिस्त्रीने घाईघाईने मशीन उतरवायला घेतलं. मामाने ट्रंक आत नेली.

ऊन कलल्यावर मिस्त्री म्हणाली, “आई, निघायचं ना?”

आई मावशीच्या मांडीला मांडी लावून बसली होती. तिने शांतपणे रिकाम्या जीपकडे बोट केलं.

“सामान उतरवलंस ना तू? मग आता ती थरथरणार. माझ्या पाठीला सोसायचं नाही.”

“अगं, मामा आहे ना मागे बसायला!”

“तो नाही यायचा. राहतोय माझ्याबरोबर.” मामाने तत्काळ मान हलवली. “महिन्याभराने ये,” आई म्हणाली, “आणि येताना जाड-पातळ सगळ्या पाचरी घेऊन ये. ताईलाही खाली न्यायचंय. तिला धरून मोजावं लागेल.”

मिस्त्रीने हात जोडले. मग एकटीच जीपमध्ये बसली आणि उतरणीला लागली. सरळ रस्त्यावर जीप पुरती थरथरत होती, दारं खडखडत होती, आणि तिला त्याचं काहीही वाटत नव्हतं.