पिकल्या केळीचा वास

लग्नानंतर वर्षानं चंदा माहेरी आली, ती पोट घेऊनच. आर्णीजवळच्या बंजारा तांड्यात तिची बैलगाडी शिरली तेव्हा बाप घरात नव्हता. लेकीला ताजा मध खाऊ घालायचा म्हणून धनसिंग भर उन्हात टेकडीवर आग्या मोहोळ काढायला गेला होता. पन्नाशी उलटली तरी माणसाची हौस काही फिटत नव्हती!

परतला तो हसतच, पण रिकाम्या हातानं. मानेत दहा-बारा काटे, पागोट्यात चिरडलेल्या माश्या. त्याची बायको रुपीबाई पुढे झाली आणि थबकली. नवऱ्याच्या अंगाला पिकल्या केळीचा वास येत होता. पंचक्रोशीत केळीचं झाड नव्हतं.

तिला डोमाजी कोलाम आठवला. मोहोळं काढण्यातच म्हातारा झालेला माणूस. गेल्या साली तो म्हणाला होता, "आग्या नुसता चावत नाई बाई, निशाणी लावते. केळीवानी वास आला का समजाचं, बाकीच्यायले सांगावा गेला. कपडे जाळाचे, आंगाले राख चोळाची अन् कोनाले शिवाचं नाई."

"कपडे काढा आधी," ती नवऱ्याला म्हणाली. "चंदाले शिवू नोका."

"गप वं! लेक वर्षानं भेटून राह्यली."

सासरहून आलेल्या लेकीनं एकेकाच्या गळ्यात पडून सूर धरून रडायचं, ही तांड्याची रीत. तिला अडवणं म्हणजे माहेर तोडणं. सगळ्या बाया बघत होत्या. रुपीबाईची जीभ रेटेना. चंदानं बापाच्या मानेला मिठी घातली आणि ओढणीत तोंड खुपसून रडू लागली.

एक माशी आली. धनसिंगाभोवती फिरून चंदाच्या ओढणीवर बसली, ओळख पटल्यासारखी. मग दुसरी आली. टेकडीवरून काळं काहीतरी उतरत होतं. आधी ते नुसतं दिसलं, आवाज मागाहून आला.

आपल्या भिडेचा रुपीबाईला असा संताप आला! तिनं लेकीची ओढणी ओढली, नवऱ्याचं पागोटं हिसकलं, दोन्ही स्वतःला गुंडाळली. "दोघायले झोपडीत घाला! धूर करा!" असं ओरडत ती नाल्याकडे पळत सुटली. सगळं मोहोळ तिच्या मागं गेलं.

डोहात ती गळ्यापर्यंत शिरली. माश्या पाण्यावर थांबून राहिल्या. श्वासाला तोंड वर काढलं की आधी तोच गोड वास नाकात शिरायचा, मग काटे. सुजलेल्या डोळ्यांच्या फटीतून तिला काठ दिसला. धुरानं माखलेली चंदा पोट सावरत येत होती.

"याडी! याडी!"

आई दिसली की ही पाण्यात उतरणार, गळ्यात पडणार, हे रुपीबाईला पुरतं ठाऊक होतं. माघारी फिरवायला तिनं तोंड उघडलं, तर त्यात माश्याच शिरल्या. तिनं ओढणी घट्ट आवळली आणि पाण्याखाली बसली.

काठावर चंदा हाका मारत राहिली. माश्या डोहावर फिरत होत्या. तिच्याकडे एकही वळली नाही.