जेवतानाचं मौन

केशवरावांनी अडकित्त्यात सुपारी धरली आणि खट्कन फोडली.

"मंग मोरेश्वर, सर्व्यात कठीण परीक्षा कोणत्या देशाची?"

मोरेश्वर त्यांचा मावसभाऊ. लंडनला राहून आलेला; इटारसीला जाता जाता पांढुर्ण्याला उतरला होता. पुरुषांची जेवणं आटोपून दोघं ओसरीवर बसले होते. आतल्या दाराशी केशवरावांच्या पत्नी कलाबाई नुकत्याच पानावर बसल्या होत्या आणि उषा आईला वाढत होती.

"विलायतेत मोठ्या कॉलेजात शिरायचं तर लॅटिन पाहिजे, दादा. घरात कोणी बोलत नाही ती भाषा. फ्रान्सात एकच प्रश्न देतात, अन् चार तास लिहा म्हणतात."

"एकच? मंग सोपी हाय!"

"प्रश्न असा, की माणूस मोकळा आहे का?"

"वकिलाले विचारा म्हणा," केशवराव हसले. "आन् जपानात?"

"तिथे नापास झालेला पोरगा वर्षभर तोच अभ्यास करून पुन्हा बसतो. कोणी हसत नाही." मोरेश्वरने आत पाहिलं. "आपली उषाही उद्या नागपूरला कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेला बसणार ना?"

उषाच्या हातातली वाटी थांबली.

"नागपूर गेलं मुंबई राज्यात, आपण राहिलो भोपाळकडे," केशवराव म्हणाले. "पोरीले परमुलखात कायले धाडायचं? आपल्याले आता तेच विलायत." मग दाराकडे वळून त्यांनी विचारलं, "काय वं, तुझं काय म्हणणं हाय? नको ना?"

कलाबाईंचा चातुर्मासाचा नेम होता. दिवसातून एकदाच जेवायचं आणि जेवताना बोलायचं नाही. शब्द निघालाच तर पानावरून उठायचं. केशवरावांना हे ठाऊक होतं. अडचणीचं काही विचारायचं असलं, की पावसाळ्यात ते हीच वेळ गाठत. थोरलीचं लग्न असंच ठरलं होतं.

"पाहा," ते मोरेश्वरला म्हणाले, "तिचंबी तेच म्हणणं हाय."

मोरेश्वर हसला. उषाने मान खाली घालून आईच्या भातावर तूप वाढलं.

कलाबाईंनी दुसरा घास कालवला होता. तो त्यांनी पानातच राहू दिला.

"उषा उद्या परीक्षेले जाणार हाय," त्या हळूच म्हणाल्या.

मग अन्नाला नमस्कार करून उठल्या. मोरीत हात धुतल्याचा आवाज आला. उषा वाटी धरून तशीच उभी राहिली.

"वहिनी, कपभर दूध तरी घ्या," मोरेश्वर ओशाळून म्हणाला.

"आता उद्याच, भाऊजी," त्या पदराला हात पुसत म्हणाल्या आणि पान उचलू लागल्या.

केशवराव कापसाच्या कामासाठी दर आठवड्याला नागपूरला जात. गाडीचे गार्डही त्यांना नावाने ओळखत. त्यांनी अडकित्ता मिटून बाजूला ठेवला. मग तोंड न वळवता त्यांनी हाक मारली,

"उषा, नागपूरची सकायची गाडी कितीची हाय वं?"