अळंबीची जागा

सकाळी नवाच्या सुमारास आल्दोना आईकडे आली, तर टेबलावर आईचा फोन तेवढा पडलेला. टोपली नव्हती, रबरी बूट नव्हते. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई, बार्बोरा, दोन्ही कानांनी जवळपास बहिरी, रानात अळंब्या वेचायला गेली होती. आणि त्याच रानात दहा वाजता जर्मन रणगाड्यांचा सरावाचा गोळीबार सुरू व्हायचा होता.

जर्मन फौजेच्या नव्या तळाला गावात कुणाचाच विरोध नव्हता हो. बेलारूसची हद्द इथून अठरा किलोमीटर. तिकडून कुठल्याही दिवशी कुणीतरी घुसेल या धास्तीने लिथुआनियातल्या या गावाने तीन वर्षं काढली होती. "येऊ देत बाई जर्मन," असं बार्बोराच म्हणाली होती, जिची आई जर्मनांचं नाव निघालं तरी थुंकायची. पण तळापायी अर्धं रान तारेच्या कुंपणात गेलं, हे मात्र तिला काही केल्या पटलं नाही.

आल्दोना तळाच्या फाटकाकडे धावली. तिथला सार्जंट लिथुआनियन, आपल्यातलाच, भला पोरगा. "मावशी, नेमकी जागा सांगा. एवढ्या रानात कुठे कुठे शोधू?"

"चुन्याच्या जुन्या भट्टीमागे," आल्दोना म्हणाली. "कालच म्हणाली मला."

गाडी गेली आणि अर्ध्या तासाच्या आत परत आली. भट्टीमागे चिटपाखरू नव्हतं. "बसल्या असतील कुणाकडे गप्पा मारत," म्हणत सार्जंटने रान मोकळं असल्याचं वायरलेसवर कळवूनही टाकलं.

तेव्हा कुठे आल्दोनाच्या डोक्यात उजेड पडला. आईने भट्टी सांगितली, म्हणजे ती भट्टीकडे गेलेलीच नाही! या गावात अळंबीची खरी जागा कुणी कुणाला सांगतं का? नवऱ्याला नाही, पोटच्या पोरीलाही नाही. पन्नाशी उलटली तरी आपल्याला एवढं सुचू नये, तेही आज? तिला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

फाटकाशी शेजारचा झेनोनस टोपी चुरगाळत उभा होता. अळंब्यांवरून बार्बोराशी त्याचा उभा दावा, तीस वर्षांचा.

"काका, तुम्हाला माहीत आहे ती कुठे जाते."

"मला? मी काय तुझ्या आईच्या मागे फिरतो?"

"फिरता. अख्खं गाव म्हणतं. आज कबूल करा, हात जोडते."

म्हातारा कानापर्यंत लाल झाला. दहाला बारा मिनिटं कमी होती.

"काळ्या ओढ्यापलीकडे, उताराला," तो पुटपुटला. "ती सोमवारी जाते. मी मंगळवारी."

सार्जंटने वायरलेसवर ओरडून गोळीबार थोपवला आणि दोघांना गाडीत कोंबलं. वाटभर आल्दोना नुसती दाराची कडी धरून बसली होती. गोळीबार खरंच थांबलाय, यावर तिचा विश्वास बसत नव्हता.

ओढ्यापलीकडचा सगळा उतार गेल्या आठवडाभरात यंत्राने उकरून तिथे रणगाड्यांसाठी खोल चर काढला होता. चराच्या कडेला, ओल्या मातीत, बार्बोरा बसलेली. टोपली रिकामी. आल्दोनाने तिला मिठी मारली आणि ती हमसून हमसून रडायला लागली. "मेली असतीस, आई," ती कानाशी तोंड नेऊन म्हणाली.

बार्बोराचं लक्ष झेनोनसकडे गेलं. "हा इथे कसा?"

झेनोनस पुन्हा टोपी चुरगाळायला लागला.

"म्हणजे माझ्या जागेवरून चोरणारा तूच तो, मेल्या," ती म्हणाली. पण आवाजात धार नव्हती. "बस आता. लपवायला उरलंय काय?"

मग तिने लेकीचा हात धरून चिखलावर टेकवला. "ही बघ जागा. इथपासून त्या वळणापर्यंत. माझ्या आईने मला दाखवली ती मरायच्या आठवडाभर आधी."

सार्जंट घड्याळ बघत होता. इथे थांबायला दहाच मिनिटं मिळाली होती. आई कुठल्या झाडाखाली कधी काय उगवायचं ते एकेक करून सांगत होती, आणि तिला मध्येच तोडायचा आल्दोनाला धीर होत नव्हता.