अर्ध्या मिनिटाची शांतता

मित्रांनो, काचेच्या पेटीत मखमलीवर बसलेला मी एक जुना माईक आहे. विस्कॉन्सिन राज्यातल्या हार्लो क्रीक नावाच्या गावात, रेडिओ केंद्राच्या दारातच मला मांडून ठेवलंय. माझ्यापुढे पितळी पाटी आहे, ‘सत्याचा निर्भय आवाज’. पाटीच्या वर रँड प्रुएटचा दात काढून हसणारा फोटो आहे. लोक येतात, माझ्याकडे कौतुकानं बघतात आणि पुढे जातात. मला त्या पाटीची शिसारी येते. का येते, ते आज सांगतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. अंग लोखंडी, वजन भरपूर, तोंडावर बारीक जाळी. मला या गावात आणलं एव्हरेट टिलिंगहास्टनं. हा माणूस रोज सकाळी नऊ वाजता माझ्यापुढे बसायचा, वॉशिंग्टनच्या बातम्या सांगायचा, मक्याचे भाव सांगायचा आणि मग कुणाची तरी मुलाखत घ्यायचा. कधी आमदार, कधी गाई पाळणारा, कधी नवा पाद्री. बोलणाऱ्याला तो मध्येच तोडायचा नाही. समोरचा अडखळला तर हा आपला वाट बघत बसायचा. कधीकधी तर ऐकणाऱ्यांना जांभया यायच्या, हेही खरं.

एव्हरेटची एक शिस्त होती. मुलाखत संपली की तो सगळ्यांना म्हणायचा, ‘‘आता अर्धं मिनिट कुणी बोलू नका. खोलीचं ऐकून ठेवू.’’ मग पाहुणा, एव्हरेट आणि काचेपलीकडे यंत्रं सांभाळणारी बर्नीस, सगळे गप्प बसायचे. मी फक्त खोली ऐकायचो. घड्याळ, इमारत गरम ठेवणाऱ्या तळघरातल्या भट्टीची घरघर, छपरावरून घसरणारा बर्फ. ही नुसती शांतता रेकॉर्ड करून ठेवायची. मुलाखतीत कुठे खोकला कापला, तर त्या फटीत ही शांतता भरायची, म्हणजे ऐकताना खड्डा पडत नाही. गावातल्या प्रत्येकानं कधी ना कधी माझ्यापुढे बसून ते अर्धं मिनिट पाळलेलं होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रश्न. एव्हरेटला दम्याचा त्रास होता. प्रश्न विचारताना तो इतका खोकायचा की पाहुणा गेल्यावर रिकाम्या खुर्चीकडे बघून तोच प्रश्न पुन्हा विचारायला लागायचा. तो प्रश्न मग पहिल्याच्या जागी बसवायचा. बर्नीस कागदावर आधीचा प्रश्न लिहून घ्यायची आणि एक शब्द इकडचा तिकडे झाला तर काचेवर टकटक करायची. ‘‘एव्हरेट, तू ‘कधी’ म्हणालास. आधी ‘केव्हा’ म्हणाला होतास.’’ तो हसून पुन्हा विचारायचा.

एव्हरेट गेला आणि त्याच्या खुर्चीत रँड आला.

आवाज काय होता हो त्याचा! लोण्यासारखा. पण तोंडाला शिळी कॉफी आणि कच्च्या कांद्याचा वास. तो ओरडायला लागला की त्याची थुंकी माझ्या जाळीत शिरायची. तेही मी सोसलं असतं. मला किळस यायची ती त्याच्या रागाची. कारण तो राग खोटा होता! जाहिरात लागली की हा खुर्चीत रेलून बर्नीसला सांगायचा, ‘‘शनिवारी तळ्यावर बर्फ फोडून एवढा मोठा मासा काढला बघ.’’ मग पोटदुखीची गोळी चघळायचा. तेवढ्यात लाल दिवा लागायचा आणि हा लगेच टेबलावर मूठ आपटून, गळ्याच्या शिरा ताणून गरजायचा, ‘‘हा देश लुटला जातोय, मित्रांनो!’’ हो, तोही तुम्हाला मित्रांनोच म्हणायचा. तिथे घराघरांत लोक त्याचं ऐकून खरोखर तळतळायचे, शेजाऱ्याशी बोलणं टाकायचे, सख्ख्या भावाला सणाला बोलवायचे नाहीत. आणि हा मात्र पुढच्या जाहिरातीत पुन्हा मासा घेऊन बसायचा.

रोज एक वाक्य ठरलेलं. ‘‘मोठ्या शहरातली वर्तमानपत्रं तुमची वाक्यं कापतात, जोडतात. इथे मात्र कुणाचा एक शब्दही कापला जात नाही!’’

त्या वर्षी गावात शाळेच्या ग्रंथालयावरून रण पेटलं होतं. कुणीतरी तक्रार केली होती की तिथे नको ती पुस्तकं आहेत. ग्रंथपाल होती आर्डिथ लिंडग्रेन. सव्वीस वर्षं तिनं त्या एकाच टेबलामागे काढली होती. तिला ठेवायचं की काढायचं, हे गुरुवारी शाळा समिती मतानं ठरवणार होती. सोमवारी रँडनं तिला मुलाखतीला बोलावलं. आली बिचारी.

त्या सोमवारी आमची भट्टी बंद पडली होती. खोलीत कडाक्याची थंडी. आर्डिथ अंगातला कोटही न काढता बसली होती. रँडनं गोड आवाजात विचारलं, ‘‘ज्या गोष्टीत कुत्रा मरतो, आजी मरते, अशी रडवणारी पुस्तकं सातवी-आठवीच्या मुलांना द्यावीत का?’’

आर्डिथ हसली. म्हणाली, ‘‘द्यावीतच. मी स्वतः काढून देते. आईबाप कुरकुर करतात, करू देत. पोरांना आज ना उद्या हे कळणारच आहे. मग चांगल्या ठिकाणी कळू दे की!’’

मुलाखत संपली. बर्नीसनं सवयीनं अर्धं मिनिट शांतता घेतली. भट्टी बंद, त्यामुळे खोली अगदी मुकी होती. जाताना आर्डिथ म्हणाली, ‘‘रँड, मी उगीच घाबरत होते रे तुला. चांगला आहेस तू.’’ त्यानं तिला दारापर्यंत सोडलं, वर कोटाची कॉलरही नीट केली. शी!

दुपारी भट्टी दुरुस्त झाली. घरघर सुरू झाली. रँड परत येऊन माझ्यापुढे बसला आणि रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाला, ‘‘नागडीउघडी चित्रं असलेली पुस्तकं सातवी-आठवीच्या मुलांना द्यावीत का?’’

काचेवर टकटक झाली.

‘‘हा प्रश्न तू विचारलाच नव्हतास,’’ बर्नीस म्हणाली.

‘‘आता विचारला ना. आधीच्याच्या जागी बसव.’’

‘‘रँड, तिची नोकरी जाईल.’’

‘‘तिच्या उत्तराला मी हात लावलाय का? एक शब्द कापलाय? मग! तू बटणं दाब, डोकं माझ्यावर सोड. आणि ती भट्टीची घरघर ऐकू येतेय माझ्या प्रश्नामागे. उत्तरामागेही तीच पसर, म्हणजे सगळं सारखं वाटेल.’’

 बर्नीसनं प्रश्न बसवला. मी तिच्यावर इतका चिडलो म्हणून सांगू! एव्हरेटच्या हाताखाली तयार झालेली बाई, आणि हे काम करते? पण मला फक्त ऐकता येतं, बोलता येत नाही. हा एक शाप आहे माझ्या जातीला.

मंगळवारी मुलाखत ऐकवली गेली आणि गाव उसळलं. बाजारात आर्डिथच्या तोंडावर एका बाईनं पाठ फिरवली. कुणीतरी तिच्या दाराला नासकी अंडी मारली. आणि रँड? आठवड्यातला सगळ्यात चांगला दिवस म्हणत त्यानं जॅम भरलेला डोनट दोन घासांत संपवला, साखर माझ्यावर सांडली.

बुधवारी श्रोत्यांचे फोन घेणं चालू होतं. फोन आला लायमन झास्ट्रोचा. हा पियानो सुरात लावून देणारा, जन्मापासून आंधळा. म्हणाला, ‘‘रँड, एक विचारू? कालच्या मुलाखतीत तू तो पुस्तकांचा प्रश्न विचारतोस तेवढ्यापुरती भट्टी चालू असते. बाई उत्तर देते तेव्हा बंद. त्या प्रश्नाच्या आधीही बंदच. एका प्रश्नापुरती भट्टी चालू होऊन बंद होते होय रे?’’

रँडनं झटकन बटण दाबलं. आमच्याकडचं बोलणं सात सेकंद उशिरा बाहेर पडतं, तेवढ्यात नको ते तोडता येतं. लायमनचं बोलणं हवेत गेलंच नाही. एक शब्दही न कापणाऱ्या माणसानं आख्खा माणूस कापला! लगेच पावडरची जाहिरात लागली.

‘‘तू घरघर पसरली नाहीस?’’ रँड काचेपलीकडे ओरडला. या वेळचा राग खरा होता.

‘‘नाही,’’ बर्नीस म्हणाली.

‘‘विसरलीस?’’

‘‘नाही.’’

तेव्हा कुठे माझ्या लोखंडी डोक्यात उजेड पडला: कुणाला तरी जोड ऐकू यावा म्हणून तिनं तो मुद्दाम उघडा ठेवला होता. पण त्यानं आर्डिथची नोकरी थोडीच वाचणार होती? एका आंधळ्याशिवाय ते कुणाला ऐकू आलं नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी सहाला शाळेच्या खेळाच्या हॉलमध्ये समितीची बैठक होती. ती रेडिओवरून थेट ऐकवायची ठरली, आणि रुबाब दाखवायला रँडनं मलाच तिथे नेलं. हॉल गच्च भरला होता. पहिल्या रांगेत आर्डिथ एकटी बसली होती. तिच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. थोड्या वेळानं लायमन काठी टेकत आला आणि त्यातल्या एका खुर्चीवर बसला. कोपऱ्यातल्या टेबलावर बर्नीस यंत्रं मांडून बसली होती. हॉलचे कर्णेही तिच्याकडे आणि तोडायचं बटणही तिच्याच हाताखाली.

सुरुवातीला बर्नीस उभी राहिली. या बाईला सबंध जन्मात मी चार माणसांपुढे बोलताना ऐकलं नव्हतं.  म्हणाली, ‘‘एव्हरेटच्या वेळेसारखं करू. अर्धं मिनिट कुणी बोलू नका.’’

सगळा हॉल गप्प झाला, मित्रांनो. सवयच होती त्यांना. रँडसुद्धा सवयीनं गप्प राहिला. आणि त्या शांततेत कर्ण्यांमधून सोमवारचा रँड बोलला, ‘‘ज्या गोष्टीत कुत्रा मरतो, आजी मरते, अशी रडवणारी पुस्तकं सातवी-आठवीच्या मुलांना द्यावीत का?’’ मग आर्डिथचं हसणं आणि उत्तर. भट्टी दोन्हीकडे बंद.

रँड धावला. ‘‘बंद कर! बर्नीस, बंद कर ते!’’ त्याचं ते ओरडणंही माझ्यातून घराघरांत गेलं.

‘‘आता जुळलं,’’ लायमन म्हणाला.

तुम्हाला वाटेल, लोकांनी रँडला हाकलून दिलं असेल. छे! सातपैकी चौघांनी आर्डिथच्या बाजूनं मत दिलं. उरलेल्या तिघांतला एक जण सगळं स्वच्छ ऐकून वर म्हणाला, ‘‘प्रश्न कुठलाही असो, उत्तर तर तिचंच आहे ना?’’ आणि त्याला टाळ्या पडल्या! त्या टाळ्या मला अजून ऐकू येतात. रँडनं दुसऱ्या दिवशी माझ्यापुढे बसून, आपल्याला कसं फसवलं गेलं, यावर तीन तास अश्रू ढाळले. जाहिरातीत मात्र गोळी चघळत होता. सहा महिन्यांत त्याला मोठ्या शहरातल्या केंद्रानं उचललं. बर्नीसला त्याच आठवड्यात काढून टाकलं होतं. आणि मी, ज्यानं सगळं ऐकलं, त्याला धुऊनपुसून या पेटीत बसवलं आणि त्याच माणसाचा फोटो डोक्यावर टांगला.

परवा शाळेची सहल आली होती. केंद्रातली मुलगी पाटी वाचून दाखवत होती, ‘‘सत्याचा निर्भय आवाज...’’ मुलांबरोबर केस पिकलेली आर्डिथ होती. माझ्या काचेवर तिनं बोटानं हळूच टकटक केली, बर्नीस करायची तशीच. म्हणाली, ‘‘पाटी राहू दे. पोरांनो, अर्धं मिनिट गप्प उभे राहा आणि काय ऐकू येतं ते मला सांगा.’’

मुलं आधी खुसखुसली, मग खरंच गप्प झाली. मित्रांनो, माझी काच पुसू नका, मला फुलं वाहू नका. एवढंच करा. कुणाचं उत्तर ऐकून रक्त तापलं, तर थोडं थांबा आणि त्याला विचारलं काय होतं, ते शोधा.

अर्धं मिनिट संपलं. मागच्या रांगेतल्या एका चिमुरडीनं हात वर केला.

‘‘मिस लिंडग्रेन, खाली काहीतरी घरघरतंय.’’

‘‘भट्टी आहे ती,’’ आर्डिथ म्हणाली. ‘‘आज चालू आहे.’’