बुजलेलं काज

आईने कोटाचं काज रफू करून टाकलं होतं.

भोक दिसलं, बुजवलं. इतकं बेमालूम, की गिऱ्हाईक हातात बटण धरून कोटाची कड चाचपत राहिलं. गिऱ्हाईक हसलं आणि कोट ठेवून गेलं. मुलाला मात्र हसू आलं नाही. उभा जन्म सुई चालवलेल्या बाईला काज ओळखू येऊ नये? त्याने आईच्या दुकानाची किल्ली स्वतःच्या खिशात टाकली आणि डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली.

*

डॉक्टरीणबाईंनी आईला काही शब्द लक्षात ठेवायला सांगितले, इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या आणि शब्द परत मागितले. बाकीचे आले. शेवटचा

(वाट बंद. वळा.)

शेवटचा लाकडाचा. त्यावर चढतात. चढले होते धाकटे भावजी, भिंत रंगवायला, आणि पडले ते

"शिडी," आई म्हणाली. "पडल्यावर विचारतात काय, तर रंग सांडला का."

*

मग डोक्याचा फोटो. बाई मुलाला म्हणाल्या, आठवणी सांभाळणारा हा भाग वयाने आक्रसलाय, ते लपवत नाही. पण त्याला बाकीच्या मेंदूशी जोडणारे धागे अजून दाट आहेत. एक रस्ता बंद झाला की आठवण दुसरीकडून येते. उशिरा, पण येते. काम, माणसं, बोलणं सुरू राहिलं तर बरंच. पुढचं कोणी लिहून देऊ शकत नाही.

आई चष्मा लावून फोटो बघत होती, गिऱ्हाइकाचा कपडा बघावा तसा.

"रफूला नवा दोरा चालत नाही," ती म्हणाली. "त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून काढायचा. इथं शिवणीत बराच दिसतोय."

*

वाटेत दुकान लागलं. किल्ली मागायची नाही, हे आईचं ठरलेलं. ती नुसती कुलपाकडे बघत उभी राहिली.

मुलाने किल्ली तिच्या हातावर ठेवली. कुठलं भोक बुजवायचं, त्यावर गिऱ्हाइकाकडूनच खडूने खूण करून घ्यायची, असं बजावलं. आणि संध्याकाळी तो येऊन बसणार होता.

"बस की. पण बोलत बस. तुझ्या बापासारखा मुका बसलास तर असलेले धागेही उसवतील."

कोट टेबलावरच होता. तिने तो उजेडात धरला, उलटा केला, बोट फिरवलं. स्वतःचंच रफू तिला सापडेना. मुलगा काही सांगायला गेला, पण थांबला.

तिने कोटाच्या दोन्ही बाजू एकमेकींवर आणल्या, वरखालची बटणं लावली, आणि मधलं बटण जिथे टेकलं तिथे नख रोवलं.