गाडी तापेपर्यंत

खिशात काहीही ठेवायचं नाही. रुमालसुद्धा नाही.

*

"माणसाचा काय भरवसा, साहेब? आज आहे, उद्या..." इथे देवराम थांबतो. पुढचं गिऱ्हाईकाने मनातल्या मनात पूर्ण करायचं असतं.

*

सकाळी चाकं कडक असतात. चाकांतलं ग्रीसही थिजलेलं असतं. ऊन चढलं, दहा-वीस फेऱ्या झाल्या, की दोन्ही मऊ पडतात आणि गाडी खरी धावायला लागते.

*

उकडलेली अंडी, चपात्या, वांग्याची भाजी. लसणाची चटणी वेगळ्या पुडीत.

*

मयूर डबल एक्सेल. हेमांगी स्मॉल. राकेश मीडियम, पण लार्ज सांगतो. देवराम लार्ज. शांताबाई म्हणाली, "मला नको बाई पोटावर लिहिलेलं."

*

गरोदर स्त्रिया, हृदयविकाराचे रुग्ण, पाठीचा त्रास असलेले, मद्यपान केलेले. आणि त्यांच्या खाली, बारीक अक्षरांत, साठ वर्षं पूर्ण केलेले.

*

तर हे सगळं एका रविवारी सकाळी खोपटच्या एसटी डेपोसमोर मयूरच्या सात सीटच्या गाडीत येऊन बसलं.

मयूर राहायला कल्याणच्या पलीकडे. बापजाद्यांच्या भातशेतीवर आता टॉवर उभे आहेत आणि मयूरकडे वेळच वेळ आहे. ज्या पार्कात जायचं तो 'गगनविहार' कल्याणच्याही पुढे, मुरबाड रोडला. राकेश डोंबिवलीचा, हेमांगी कल्याणची. म्हणजे वर्तकनगरचे देवराम आणि शांताबाई सोडले, तर सगळेच पार्काच्या वाटेवर राहणारे. तरीही सगळे पहाटे उठून ठाण्याला आले होते, आता पुन्हा कल्याणवरूनच जाणार होते. कारण लूप मंडळाची पहिली सहल खोपटहून एसटीने निघाली होती, आणि तेव्हापासून प्रत्येक सहल खोपटहूनच निघते. मंडळात रीत म्हणजे रीत.

"माझ्या घरावरून जायचं, तर मला घरीच झोपू द्यायचं ना रे," मयूर स्टिअरिंगवर जांभई देत म्हणाला.

"मंडळ सोड मग," हेमांगी म्हणाली. ती अकरावी-बारावीच्या क्लासात फिजिक्स शिकवते. तिथे ती कुणालाही उत्तर देऊ देत नाही.

लूप मंडळ म्हणजे रोलर कोस्टरवेड्यांचं मंडळ. जगात कुठे कोणता कोस्टर किती उंच, कोणाच्या कारखान्यात बनला, किती वेळा माणसाला उलटं करतो, हे राकेशला तोंडपाठ आहे. अमेरिकेतल्या एका पार्कातले संडास कुठल्या दिशेला आहेत, हेही त्याला व्हिडिओ बघून माहीत आहे. प्रत्यक्षात तो आजवर 'गगनविहार'मधल्या तक्षकावरच बसलाय. मंडळातले बाकीचेही. तक्षक कोरियातून सेकंड हँड आणलेला, दोनदा उलटा फिरणारा, हिरवा. मंडळाच्या मते तो जगात एकशेचाळिसावा लागतो. ही यादी मंडळानेच केली आहे.

देवराम मंडळातला सगळ्यात मोठा. एका गिऱ्हाईकाच्या पोरांना सांभाळायला म्हणून तो पहिल्यांदा तक्षकावर बसला होता. पोरं रडली, देवराम रडला नाही. आयुष्यभर त्याने विमा विकताना दिवाणखान्यांत बसून लोकांना त्यांच्या मरणाची आठवण करून दिली होती. गाडी चढणीच्या टोकाला पोचते, खालची साखळी खट्कन सुटते, तेवढा एक क्षण त्याच्या डोक्यात कुणाचंच मरण नव्हतं. स्वतःचंही नव्हतं. तो क्षण मिळावा म्हणून तो परत गेला. मग परत. एकदा रांगेत राकेश भेटला आणि दोघांचं मंडळ झालं.

मंगळवारी देवरामला साठ पूर्ण होणार होती. त्यानंतर तक्षकाच्या दारावरच्या बंदीच्या पाटीखालून आत जाता येणार नव्हतं. दुसऱ्या पार्कांत कुठे पंचावन्न, कुठे साठ, फिरून तेच. म्हणजे हा रविवार शेवटचा. देवरामने मनाशी ठरवलं होतं: आज टोकावर डोळे उघडे ठेवायचे, काही ओरडायचं नाही, तो क्षण नीट बघून घ्यायचा.

त्याची बायको शांताबाई इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बरोबर आली होती. का, तर "बघू तरी, कुठे जाता ते."

पार्काच्या दाराशी मयूरने टी-शर्ट वाटले. पिवळेधमक. समोर मोठ्या आकड्यांत ६०, खाली 'देवराम काका, अब तो उलटे ही चलेंगे!'

"मंगळवारी आहे रे साठ," देवराम म्हणाला. पण डोळे चमकले होते.

"मंगळवारी कोण येणार काका? मंगळवारी सगळ्यांना ऑफिस," राकेश म्हणाला.

"मला नाही," मयूर म्हणाला.

*

आत गेल्यावर सगळे सरळ तक्षकापाशी गेले. राकेशने कठड्याच्या लोखंडी नळीवर तळहात ठेवला, वैद्याने नाडी बघावी तसा. मग मान हलवली.

"थंड आहे."

गाडी वरून गेली. आत दोन माणसं होती, तीही पुढच्या रांगेत. मंडळाने नाकं मुरडली. पुढची रांग नवख्यांची. मंडळाचा माणूस शेवटच्या रांगेत बसतो, कारण शेवटचा डबा उतारावर खेचला जातो. आणि मंडळाचा माणूस दुपारनंतरच बसतो, गाडी तापल्यावर. हा दुसरा नियम खुद्द देवरामचा. एका मे महिन्यात त्याला जाणवलं होतं की संध्याकाळची फेरी सकाळच्या फेरीहून चपळ आहे. राकेशने इंटरनेटवर शोधलं, तर परदेशातले लोकही तेच म्हणत होते. त्या रात्री देवरामला झोप लागली नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा त्याने सांगितलेलं काहीतरी गोऱ्या लोकांनी आधीच मान्य केलेलं होतं.

"मोकळी जातेय की गाडी," शांताबाई म्हणाली. "बसून घ्या ना."

चौघांनी तिच्याकडे असं पाहिलं, की जणू तिने लग्नाच्या पंगतीत आधी दहीभात वाढला.

"काकी, आत्ता बसलो तर शेवटची फेरी वाया," हेमांगी म्हणाली. "लुब्रिकंटची व्हिस्कॉसिटी..."

"अगं, मग दोनदा बसा. आत्ता एकदा, मग एकदा."

देवरामला क्षणभर वाटलं, खरंच की. पण नियम त्याचा. शेवटच्या दिवशी आपलाच नियम मोडणारा माणूस कसला? आणि शेवटचा क्षण थंड गाडीत घेऊन तो आयुष्यभर पुरवायचा, हे त्याला परवडणारं नव्हतं.

"तापू दे," तो म्हणाला.

मग मंडळ कँटीनमध्ये बसलं. अंडी खाल्ली. चटणीची पुडी फिरली. गाडी जाताना दिसेल अशा बेतानेच टेबल निवडलं होतं, आणि प्रत्येक फेरीनंतर राकेश म्हणायचा, "सुधारतेय." शांताबाई गाडीतली माणसं बघत बसली होती. ती कुणालाही काही विचारत नव्हती.

*

दुपारी बसेस आल्या. डोंबिवलीच्या कुठल्याशा पतपेढीची सभासद-सहल. लाल टोप्या, शिट्ट्या, एक ढोलकीसुद्धा. त्या सगळ्यांना नियमबियम माहीत नव्हते; त्यांनी समोर दिसली ती रांग धरली. रांग तक्षकाची होती.

"आता तापलीय," राकेश म्हणाला. खरंच तापली होती. मंडळ रांगेच्या शेपटाला उभं राहिलं.

शांताबाई पण. "मी वर नाही बसायची. पण तुमच्या चपला-पिशव्या कोण धरणार?"

"काकी, लॉकर आहे ना," हेमांगी म्हणाली. "पाकीट, मोबाइल, चावी, सगळं लॉकरला. खिसे रिकामे. लूज आर्टिकल्स नको." मंडळाचा हा सगळ्यात कडक नियम. पार्काने सांगायच्या आधी मंडळ स्वतःचे खिसे उलटे करून दाखवतं. देवरामनेही पाकीट खाली ठेवलं, आधार कार्डासकट. शांताबाईने मात्र आपली पिशवी काही सोडली नाही.

रांग अर्ध्यावर आली आणि गाडी थांबली.

कर्णा म्हणाला: प्रिय पाहुण्यांनो, तांत्रिक कारणास्तव थोडा वेळ.

थोडा वेळ पुष्कळ लांबला. लाल टोप्या कंटाळल्या, ढोलकी वाजली, थांबली. मग रिकामी गाडी चाचणीला सोडली. ती गेली, वळली, दोनदा उलटी झाली, एकही माणूस नसताना व्यवस्थित परत आली. लूप मंडळाने टाळ्या वाजवल्या.

"कोणासाठी?" एका लाल टोपीने विचारलं.

"गाडीसाठी," राकेश म्हणाला.

लाल टोपी थोडी लांब सरकून उभी राहिली.

*

प्रिय पाहुण्यांनो, ही आजची शेवटची फेरी. ज्यांना

*

शेवटच्या फेरीला मंडळ दारात होतं. मागची रांग मोकळी होती, कारण लाल टोप्या सगळ्या पुढे धावल्या होत्या. मागच्या रांगेत चार सीट. राकेश, मयूर, हेमांगी आणि देवराम. इतकं नेमकं जुळून आलेलं बघून देवराम सगळ्यांच्या आधी जाऊन बसला. फलाटावर निळा गणवेश घातलेली एक मुलगी पट्टे तपासत होती. बिल्ल्यावर नाव, समृद्धी. तिने देवरामच्या छातीकडे पाहिलं.

"सर, साठ?"

"मंगळवारी," देवराम हसून म्हणाला.

"मग मंगळवारचा टी-शर्ट आज का घातलात?"

"अहो, ते ह्या पोरांनी..."

"सॉरी सर. साठच्या वर अलाउड नाही."

"वर कुठेय? एकोणसाठ आहे मी. आज. उद्यासुद्धा."

"काही प्रूफ आहे?"

देवरामने सवयीने हात खिशाकडे नेला. खिसा रिकामा होता. मंडळाचा खिसा.

"ताई, काय तू पण!" मयूर खवळला. "मी पण घातलाय टी-शर्ट. माझं पण वय साठ काय?"

"दादा, तुमच्याकडे बघून कळतं. सरांकडे बघून पण कळतं."

"लॉकर खाली आहे, मी पळत जातो," मयूर म्हणाला.

"गाडी थांबवता येत नाही. लास्ट राइड आहे, सायेब वरनं बघतायत."

सगळ्यांनी राकेशकडे पाहिलं. राकेशने सगळ्यांच्या पायांकडे पाहिलं. मंडळाच्या नियमांत पहिला नियम त्यानेच लिहिला होता, की ऑपरेटरशी हुज्जत घालायची नाही, ऑपरेटरचा शब्द शेवटचा. परदेशी मंडळांतही तोच असतो.

"काका," तो हळू म्हणाला, "नियम आहे."

देवराम खाली उतरला. आपण काही बोलायला हवं असं त्याला वाटलं. दिवसभर लोकांना बोलून-बोलून सह्या करायला लावणारा माणूस. पण तोंडात एकच वाक्य आलं, आणि ते त्याचं धंद्याचं वाक्य होतं, म्हणून त्याने ते गिळलं.

"एक सीट रिकामी जातेय," समृद्धी म्हणाली. "कोण येतंय का?"

"मी बसते," शांताबाई म्हणाली.

कुणालाच पहिल्यांदा कळलं नाही, कोण बोललं ते.

"काकी, बीपी, शुगर, हार्टचं काही?"

"काही नाही."

"पाठ, मान?"

"अगं, चौथ्या मजल्यावर पाणी चढवते मी, लिफ्ट बंद असली की."

समृद्धी हसली. शांताबाईच्या मेंदी लावलेल्या लालसर केसांकडे, साध्या निळ्या पंजाबी ड्रेसकडे तिने एकदा बघितलं, आणि पट्टा ओढून घट्ट केला. शांताबाईने पिशवी, चपला आणि चष्मा देवरामच्या हातात दिला.

"शांता, अगं..."

"तुम्ही खाली थांबा. कुणीतरी थांबायला हवं ना."

*

देवरामने तक्षकाला खालून कधीच ऐकलं नव्हतं. वरून आवाज येतच नाही, वारा सगळा खाऊन टाकतो. खालून साखळीचा खडखड आवाज येतो, मग तो बंद होतो, मग माणसं ओरडतात. लाल टोप्या ओरडल्या. मयूर ओरडला, तो ओळखू आला. शेवटच्या रांगेतला एक आवाज आलाच नाही. देवराम कठड्याला टेकून, एका हातात चपला आणि एका हातात चष्मा घेऊन, त्या न आलेल्या आवाजासाठी कान लावून उभा राहिला. गाडी उलटी झाली. सरळ झाली. परत उलटी झाली. फेरी इतक्या लवकर संपते हेही त्याला आजच कळलं.

शांताबाई उतरली तेव्हा केस विस्कटलेले, ओढणी मुठीत आणि तोंड एकदम शांत. राकेशचे डोळे मात्र पाणावले होते.

"काय पळाली गाडी! काका, आजच्याइतकी कधीच..." आणि तो मध्येच थांबला.

"हो," हेमांगी म्हणाली. "सॉरी काका. पण हो."

देवरामने शांताबाईला चष्मा दिला. "डोळे मिटलेले?"

"मिटायचे कशाला?"

"टोकावर... ती साखळी सुटते तेव्हा. काही वाटलं?"

शांताबाईने चष्मा पुसला, लावला, आणि नवऱ्याकडे असं पाहिलं, जसं तिने कित्येक वर्षांत पाहिलं नसेल. म्हणजे जरा वरून खाली.

"हो," ती म्हणाली. "डोक्यात काहीच नव्हतं."

"काहीच?"

"काहीच नाही. घर पण नाही. तुम्ही पण नाही."

समृद्धी दाराला साखळी लावत होती. शांताबाई तिला म्हणाली, "पुढच्या रविवारी कितीला उघडता गं? मी सकाळीच येईन, गर्दी नसते ना."

परतीच्या वाटेवर मयूरने आपल्या घरावरून गाडी नेली, थांबवली नाही, खोपटलाच सोडलं. मागच्या सीटवर हेमांगीने हळूच विचारलं की शांताकाकींना मंडळाच्या ग्रुपमध्ये घ्यायचं का. राकेश म्हणाला, घ्यायलाच हवं, शेवटच्या रांगेत तापल्या गाडीत पहिलीच फेरी, असं कुणाचंच झालेलं नाही. देवराम खिडकीतून बाहेर बघत होता. टी-शर्टवरून त्याने शर्ट चढवला होता.

शांताबाईला साठ पूर्ण झाली ती मागच्या पावसाळ्यात, एका गुरुवारी. त्या दिवशी घरी दुधी भोपळ्याची भाजी होती.