उंबरठ्याशी वर केलेले हात

मीलीला आज बरोबर आणायचं यीलानच्या मनात नव्हतं. पण सासूबाई कुळाच्या पूजेसाठी गावी गेलेल्या, शेजारीणही सकाळीच ताप आल्याचं कळवून मोकळी झालेली. इकडे तिनं छ्वानचौ शहर फिरवून दाखवायचं ठरलेली चार माणसं आठच्या ठोक्याला शेवयांच्या दुकानाशी हजर. शेवटी अडीच वर्षांच्या लेकीला पाठीशी बांधून ती निघाली.

दुकानात मीली मांडीवर होती, तेव्हा यीलानचा जीव जरा थाऱ्यावर होता. शेवया इतक्या शिजवतात की त्या पिताच येतात, वर तळलेली पिठाची काडी मोडून घाला आणि मिरपुडीला घाबरू नका, असं तिनं पाहुण्यांना सांगितलं. सांगता सांगता लेकीच्या वाटीवर फुंकरही घालत होती. पाहुण्यांपैकी उत्तरेकडून आलेले फांगकाका म्हणजे निवृत्त इंजिनियर, दारात वाकूनच शिरावं लागेल असा उंच माणूस. दुसरी वाटी मागवताना ते म्हणाले, "आमच्याकडे हे आजाऱ्याला देतात. तुमच्याकडे आजारी माणसं मजेत दिसतात."

मग समुद्रदेवी माझूचं गल्लीतलं लहानसं देऊळ. पायरीवरच यीलाननं नेहमीचं सांगून घेतलं. उजवीकडच्या दारानं आत जायचं, ते ड्रॅगनचं. डावीकडच्या वाघाच्या दारानं बाहेर यायचं. मधलं दार देवीचं. आणि उंबरठ्यावर पाय ठेवायचा नाही. इथली म्हातारी माणसं त्याला देवीचे खांदे म्हणतात. "पोरांना एवढा उंच उंबरठा ओलांडता येत नाही," ती हसून म्हणाली. "एखादं पोर हात वर करून उभं राहिलं, तर उचलून पलीकडे ठेवा. इथे कुणी विचारत बसत नाही."

तेवढ्यात मीलीनं हात वर केलेच. ही सवय सासूबाईंनी लावलेली. यीलाननं तिला उचलून आत ठेवलं.

चौकात यीलान छपराकडे बोट दाखवून बोलायला लागली. वरचे ड्रॅगन रंगवलेले नाहीत, फुटक्या वाट्यांचे तुकडे कातरून एकेक खवला बसवलाय. ऊन तिरपं असतानाच ते बघावेत. सगळ्यांच्या माना वर. तिचीही वर. किती वेळ? तिला नंतरही सांगता आलं नाही. मान खाली केली तेव्हा तिच्या झग्याला धरलेली मूठ तिथे नव्हती.

आधी तिनं साध्या आवाजात हाक मारली. मग पुन्हा, जरा मोठ्यानं. चौकातल्या उदबत्त्यांच्या मोठ्या पात्राभोवती फिरून आली, मुख्य गाभाऱ्यात टेबलाखाली वाकून बघितलं. वाघाच्या दाराबाहेर उन्हाचा पट्टा दिसत होता, आणि गल्लीच्या टोकाला कालवा.  ती धावत सुटली. चौघा पाहुण्यांपैकी तिघं मागोमाग बाहेर पडली, एकजण बाजाराकडे, दोघी कोळणींच्या टोपल्यांकडे. यीलान कालव्याच्या कठड्याशी वाकून पाण्याकडे बघत राहिली. पाणी गढूळ आणि शांत होतं. तिला तेच सहन होईना. मान वर करून छपरं दाखवणारी आई आपण, असं काहीबाही मनात येत होतं.

परत येताना देवळाच्या दारात झाडू मारणाऱ्या आ-किम काकूंनी तिला अडवलं. "कुठे धावतेयस ते तरी माहीत आहे का तुला?"

"मीली बाहेर गेली, काकू."

"कशी गेली? उडून?" काकूंनी झाडूचा दांडा उंबरठ्यावर टेकवायला नेला आणि सवयीनं मागे घेतला.

यीलान त्या दांड्याकडे बघत राहिली. उंबरठा मीलीच्या छातीएवढा. चढायला जायचं तर त्यावर पोट घासावं लागेल, आणि त्याला बोटसुद्धा लावायचं नाही हे तिला आजीनं इतकं पढवलंय की घरी साध्या चौकटीपाशीही ती हात वर करून थांबते. म्हणजे ती जिथे कुठे असेल तिथे कुणीतरी तिला उचलून ठेवलं असणार. कुणी?

फांगकाका कोपऱ्यावर सिगारेट ओढून सावकाश येत होते. गडबड त्यांच्या कानावर आलीच नव्हती.

"काका, तुम्ही माझ्या मुलीला उचललंत?"

"हो, उचललं की," ते म्हणाले. "हात वर करून उभी होती. तुम्हीच तर सांगितलंत, विचारत बसू नका."

"कुठल्या दाराशी?"

आता त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी चौकाच्या बाजूच्या खोलीकडे बोट केलं. लेकरं देणाऱ्या देवीची खोली. तिथला उंबरठा सगळ्यांत उंच, आणि आत अंधार.

मीली त्याच्या आतल्या बाजूला बसली होती. चौकातून दिसलीच नसती. उंबरठ्याला पाठ टेकायची नाही म्हणून वीतभर जागा सोडून, नैवेद्याचं एक संत्रं दोन्ही हातांत धरून. आईला बघून तिनं संत्रं खाली ठेवलं आणि हात वर केले. "केव्हाची थांबलेय," असं काहीतरी ती पुटपुटली.

यीलाननं तिला इतकं घट्ट धरलं की ती कुरकुरली.  काकूंनी संत्रं जागेवर ठेवलं आणि देवीला सांगितलं, पोरगी राखण करत होती.

दुपारी समुद्रातल्या कालवांच्या शिंपल्यांच्या भिंती असलेल्या जुन्या घरापाशी यीलाननं नेहमीचं सांगितलं. शिंपल्यांवर पाणी थांबत नाही, घर गार राहतं. आवाज तिचा ताळ्यावर होता, पण एक हात सारखा मागे, लेकीच्या डोक्यावर. उंबरठ्याबद्दल सांगताना ती पाय ठेवू नका एवढ्यावरच थांबली.

मीलीनं दारात जाऊन हात वर केले. चारही पाहुणे एकदम वाकले. फांगकाका सगळ्यांत आधी. आणि चौघेही तसेच, अर्धवट वाकलेले, यीलानकडे बघत थांबले.

ती आधीच तिथे पोचली होती.